सुताराचा उभा ओटा

माणसं हात धुऊन कामाला बसतात. मिस्त्री पाय धुऊन बसायचा.

सकाळी आठला तो आमच्या गोठ्याशी यायचा, चपला दाराबाहेर काढायचा, विहिरीवरून बादली भरून आणायचा आणि दगडावर बसून दोन्ही पाय साबण लावून घासायचा. बोटांच्या बेचक्या, टाचा, नखं, सगळं. पायांसाठी त्याचा वेगळा पंचा होता. त्या पंच्याने एकेक बोट कोरडं करायचा आणि अंगठ्याला खोबरेल चोळायचा. हातांवर मात्र कालचा डिंक तसाच. येणारे-जाणारे विचारायचे, हा कामाला बसतो की पंगतीला? तो म्हणायचा, "गवंड्याचा हात बघावा, सुताराचा पाय."

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडचे जुने सुतार जमिनीवर बसून काम करतात. फळी पुढ्यात ठेवायची, पायाने दाबायची, अंगठ्याच्या चिमट्यात धरायची, म्हणजे दोन्ही हात रंध्याला मोकळे. मिस्त्रीचा डावा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फाकलेला होता. खाली पडलेला खिळा तो वाकून उचलत नसे, पायाने उचलून हातात घेई. एकदा लग्नाच्या मांडवात कोणीतरी चुकून त्याच्या पायावर पाय दिला. मिस्त्री न जेवता उठून आला. त्या माणसाच्या घराचं दार त्याच्याकडे अर्धं झालेलं होतं, ते चार महिने अर्धंच राहिलं. मिस्त्रीच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात जावई पाया पडायला वाकला तर याने पाय मागे घेतले. लांबून हात जोड म्हणाला.

आमची शेवटची म्हैस विकल्यावर गोठा रिकामा झाला, तेव्हा माझ्या नवऱ्याने तो मिस्त्रीला दिला. पुढे नवरा गेला, मिस्त्री राहिला. वीस-बावीस वर्षं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तो दिसत होता. सारा गाव त्याला मिस्त्री म्हणायचा, मीही. तो मला वयनी म्हणायचा. त्याची बायको लवकर वारली, एकुलती मुलगी माणगावला दिली. माणूस सरळ नव्हता. आता तो नाही म्हणून गोड बोलावं असं मला वाटत नाही.

गिऱ्हाइकाला तो नाही म्हणत नसे. "लाकूड तयार न्हाय," एवढंच म्हणे. मग गिऱ्हाइकाने काय ते समजावं. नागावला पर्यटकांसाठी घरोघर खोल्या निघाल्या तेव्हा एक मालक गाडी घेऊन आला. त्याला पंधरा दिवसांत बारा कपाटं हवी होती, प्लायवूडची. नमुन्याचा तुकडा त्याने मिस्त्रीच्या हातात दिला. मिस्त्रीने तो बोटाने वाजवला, कानाशी धरला आणि परत दिला. "आत कोण न्हाय," म्हणाला. मालक गेला तो पुन्हा आला नाही. त्या दिवशी मी त्याला रोजची आमटी दिली नाही. बारा कपाटं म्हणजे पावसाळा निघाला असता.

त्याचं दुसरं वेड रेघेचं. कानावर चपटी पेन्सिल असायची. टेप, गुण्या सगळं होतं, पण रेघ मारल्याशिवाय करवत लावायचा नाही, चार बोटांचा तुकडा असला तरी. मी कधी म्हटलं की फळी तर नजरेला सरळ दिसते, तर म्हणायचा, "डोला आपल्याला पायजे तेच बघतो, वयनी. रेघेला कायच नको असतं."

आता त्या सुईचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

पायाच्या आजाराच्या तीनेक वर्षं आधी एकदा त्याच्या तोंडातली विडी पायावर पडली. तो रंधा मारत होता. मी चहा घेऊन गेले तर कातडं जळल्याचा वास येत होता आणि याला पत्ता नाही. मी ओरडले तेव्हा त्याने खाली बघितलं, विडी उचलून पुन्हा तोंडात धरली आणि हसायला लागला. पाय लाकडाचा झाला म्हणाला. चाळीस वर्षं लाकूड धरल्यावर दुसरं काय होणार. ही गोष्ट चहाच्या टपरीवर गेली आणि त्याचा खेळ झाला. लोक त्याला पायाला टाचणी टोचायला सांगायचे, तो टोचायचा, डोळ्याची पापणीसुद्धा हलायची नाही. म्हातारे सुतार मान डोलवायचे. पाय मेला तर सुतार पिकला, असं त्यांच्यात म्हणत असावेत, किंवा मिस्त्रीनेच ते रचलं असेल. माझी नणंद मुंबईहून आली होती, तिला खरं वाटेना. मी घरातून गोधडीची सुई आणून मिस्त्रीच्या हातात दिली. त्याने ती अंगठ्यात अर्धी घातली. आम्ही दोघी हसलो. सुई माझी होती.

चहात तीन चमचे साखर घ्यायचा. शाळेत कधीतरी तपासणीचं शिबिर झालं, तिथे त्याला साखरेचा आजार सांगितला. त्या कागदावर त्याने एका खिडकीचं माप लिहिलं.

मग दोन वर्षांमागे, पावसाळा संपता संपता, मी गोठ्यात गेले तर जमिनीवरच्या ढलप्या लाल. मला आधी वाटलं कसलंतरी लाकूड असेल. मिस्त्री शांत बसून पटाशीने भोक पाडत होता. पटाशी घसरून डाव्या अंगठ्याच्या बाजूला शिरली होती, हाडाला लागली असावी, आणि तो काम करतच होता. मी म्हटलं, मिस्त्री, रक्त. तो म्हणाला, कोणाचं?

हळद दाबली, चिंधी बांधली. पंधरा दिवस झाले, महिना झाला, जखम भरेना. अंगठ्याचं टोक काळं पडलं. मुलीला सांगू नको म्हणाला. मी हो म्हणून मान हलवली. शेवटी मीच त्याला रिक्षात घालून अलिबागला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण डोकं जागेवर होतं. तिने पायाला पाच-सहा ठिकाणी काडी लावून विचारलं, कळतंय? हा प्रत्येक वेळी ऐटीत नाही म्हणाला. तिला हसू आलं नाही. तिने सांगितलं की ही पायाची ताकद नाही, पाय आतून बहिरा झालाय, साखरेने. अंगठा काढायला लागेल, दोन दिवसांत भरती व्हा. आज अंगठा मागते, उशीर केलात तर जास्त मागेन. आणि इथून पुढे जमिनीवर बसून पायाने काही धरायचं नाही.

मिस्त्रीने विचारलं, मग फळी कोण धरणार?

तिने मोबाइल काढून त्याला एक चित्र दाखवलं. परदेशातला कोणी सुतार जाड टेबलापाशी उभा राहून रंधा मारत होता, पायांत बूट. टेबलानेच फळी धरली होती. मिस्त्री बराच वेळ बघत राहिला. बाई चिठ्ठी लिहीत होती तेवढ्यात त्याने तिच्या टेबलाची उंची वीत लावून मोजली. मी बघितलं.

रिक्षात बसल्यावर म्हणाला, "आधी टेबल. मंग अंगठा."

मी विचारलं, आधी अंगठा, मग टेबल, असं का नाही? त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते पटलं. अंगठा गेल्यावर टेबल बनवायला लाकूड धरणार कशाने? टेबल बनवायचं तर आधी पाय पाहिजे. आणि पाय गेला की टेबल पाहिजे. दुसऱ्या सुताराकडून बनवून घ्या म्हटलं तर म्हणाला, दुसऱ्याची कवळी घालून जेवू काय मी? माझा मुलगा कंपनीत पाळीवर असतो, तो म्हणाला बाजारातून लोखंडी आणून देतो. मिस्त्रीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. "दोन दिवसांत हुतंय," मला म्हणाला.

लाकूड त्याच्याकडे होतं. वादळाच्या वर्षी आमच्या वाडीतला फणस पडला, त्याची चार बोटं जाड फळी त्याने गोठ्याच्या माळ्यावर सुकत ठेवली होती. टेबलाच्या पायांसाठी ऐनाचे ओंडके होते, जुने, दगडासारखे. ओंडका वाकसाने तासून चौकोनी करायचा होता. वाकस म्हणजे कुदळीसारखं आडवं पातं, पण धार वस्तऱ्याची. मिस्त्री पाटावर बसला, डावा पाय पुढे गोणपाटावर, ओंडका धरायला उजवा पाय लावला. उजव्या पायाला ती सवयच नव्हती. दोन घावांत ओंडका फिरला आणि वाकस जमिनीत गेला.

मी दारात उभी होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वयनी, पाय धुऊन ये."

मी धुऊन आले. मला त्याने समोर बसवलं, ओंडक्याचं दुसरं टोक माझ्या दोन तळव्यांमध्ये दिलं, अंगठे वरून दाबायला लावले. जोडवी मी नवरा गेल्यावर काढली होती. ते बघून तो म्हणाला, बरं झालं, चांदीवर वाकस पडला तर धार जाते.

पहिला घाव माझ्या पायापासून हातभर लांब पडला. मी डोळे मिटले. "डोलं उघड. कुटं पडतो त्ये बघशील तर हालणार न्हायस." दुसरा वीतभर लांब. ढलपी उडून माझ्या गुडघ्याला लागली. माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या आणि ओंडक्यातून ते त्याला कळत होतं. तो थांबला, वाकस खाली ठेवला, विडी पेटवली. मग म्हणाला, "ह्ये बग. मी चुकणार न्हाय. तू हाललीस तर मात्र मला थांबता येनार न्हाय. वाकस निघाला का निघाला."

त्यानंतर मी हलले नाही. चार मुलं झाली तेव्हा जेवढी ओरडले नाही तेवढी त्या दिवशी आतल्या आत ओरडले. संध्याकाळी पाय मोजले, दहा बोटं होती.

दोन दिवस झाले तेव्हा टेबलाचा एक पाय तासून झाला होता. एकच. मी म्हटलं, मिस्त्री, आज दवाखान्यात जायचं. तो म्हणाला, उद्या.

सकाळी मी त्याची चिंधी बदलायची. तो बाहेर बघत बसायचा, दुसऱ्याचं काहीतरी चाललंय अशासारखा. काळं आधी नखाएवढं होतं, मग पेरापर्यंत आलं. वास येऊ लागला. चिंधी मी परसातल्या चुलीत घालायची. मग मी पाय धुवायची आणि ओंडका धरायला बसायची. हे मी का केलं याचं एक उत्तर मी लोकांना देते, की माणूस ऐकत नव्हता. दुसरं उत्तर कोणाला दिलेलं नाही. मला ते काम आवडायला लागलं होतं. माझ्या पायांना लाकूड कळायला लागलं होतं. घाव बसायच्या आधी ओंडका कुठे सरकणार ते तळव्यांना समजायचं. मिस्त्री काही म्हणायचा नाही, पण पाचव्या दिवसापासून त्याने मला सांगणं बंद केलं, म्हणजे सांगायची गरज राहिली नाही. माझ्या वयाच्या बाईला कोणी नवीन काही शिकवत नाही.

टेबलाच्या उंचीवरून आमचं भांडण झालं. जन्मभर जमिनीवर बसलेला माणूस, त्याला उभ्याचं माप काय ठाऊक? त्याने डॉक्टरीणबाईच्या टेबलाची वीत धरली होती आणि तेवढ्यावर पाय कापायला रेघ मारली होती. मी म्हटलं, ते टेबल बसून लिहायचं आहे. त्यावर उभं राहून काम केलंत तर आठ दिवसांत कंबर जाईल. माझ्या सुनेने घरात उभा ओटा करून घेतला तेव्हा गवंड्याने असाच ठेंगणा केला होता. चूल सोडून ओट्याशी उभं राहायला लागल्यावर मला हे सगळं भोगून झालं होतं, शेवटी तो फोडून चार बोटं चढवून घेतला. मिस्त्रीला ते बोलणं लागलं. भाकऱ्या थापायच्या मापाने मी टेबल करू?

करू नका म्हटलं. येऊन बघा तरी.

वीस वर्षांत तो पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात आला, भिंत धरून, एक पाय टेकत. ओट्यापाशी उभा राहिला. मी लाटणं दिलं. त्याने ते दोन्ही हातांत धरून रंध्यासारखं ओट्यावर ढकललं. एकदा, दोनदा. मग खांदे सैल सोडून पुन्हा एकदा. सून पिठाचा डबा हातात घेऊन बघत राहिली. मिस्त्रीने खिशातून टेप काढला, माप घेतलं, आणि गोठ्यात जाऊन जुनी रेघ पुसून नवीन मारली. माझ्याशी दिवसभर बोलला नाही. त्या दिवसापासून मात्र तो टेबल म्हणायचा बंद झाला, ओटा म्हणायला लागला.

आठव्या दिवसापर्यंत फळीला रंधा मारून झाला होता, तीन पाय बसले होते. पायाच्या डोक्याला कूस कापायची, म्हणजे जीभ, आणि फळीत तिच्या मापाचं भोक पाडायचं, की एकात एक घट्ट बसतं, खिळा लागत नाही. शिकंजा लोखंडाचा त्याला नको होता. फळीत ओळीने भोकं पाडून त्यांत खुंट्या बसवायच्या आणि मध्ये लाकडाची पाचर ठोकून काम अडकवायचं, असं त्याने योजलं होतं. चौथा पाय तासून तयार होता, रेघा मारून झाल्या होत्या, फक्त कूस कापायची होती.

त्या सकाळी चिंधी सोडली तर पाऊल सुजलेलं आणि लाली अंगठा सोडून वर चढलेली. मी म्हटलं, मिस्त्री, वर चाललंय. तो म्हणाला, कालच्याएवढंच हाय. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, तुला तसं दिसतंय.

मी त्याच्या कानावरची पेन्सिल काढली आणि लाली जिथे संपत होती तिथे पावलावर आडवी रेघ मारली. दाबून मारली. त्याला कळलीही नाही. खाली बघून म्हणाला, सरळ आलीय.

दुपारी त्याला ताप होता. तरी त्याने खुंट्यांची राहिलेली दोन भोकं पाडली आणि खुंट्या बसवल्या. मी धरलं. घरी येऊन मुलाला सांगून माणगावला फोन लावला आणि त्याच्या मुलीला सगळं सांगितलं. मान हलवली होती मी, शपथ घेतली नव्हती. ती म्हणाली, सकाळी गाडी घेऊन येते.

नवव्या दिवशी सकाळी चिंधी सोडली. लाली रेघेच्या दोन बोटं वर होती, घोट्याकडे. मी पाय त्याच्याच समोर उचलून धरला.

तो बघत राहिला. "रेघ चुकली असंल," म्हणाला.

"पेन्सिल तुमची. पाय तुमचा. मी फक्त मारली."

त्याने थुंकी लावून रेघ पुसून बघितली. पुसली जाईना. मग हळूच विचारलं, "चौथा पाय?"

"चौथ्याला मी धरणार नाही." मी उठून पदर खोचला. त्याने ऐनाचा तुकडा पुढ्यात ओढला, डावा पाय त्याच्यावर टेकवला, तो सुजलेला पाय, आणि करवत उचलली. मला वाटलं हिसकावून घ्यावी. पण सुताराच्या हातातली करवत हिसकावली तर कोणाचं तरी बोट जातं. त्याने रेघेवर करवत ठेवली. पायाने दाबायला गेला आणि पाऊल लाकडावरून घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. त्याचा पाय कुठे आहे हे त्याला कळत नव्हतं. तिसऱ्या वेळी त्याने हाताने पाय उचलून लाकडावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा, आणि तो तिथून आपोआप खाली आला.

करवत खाली ठेवून तो म्हणाला, "पोरीला बोलावलंस ना?"

व्हय म्हटलं.

"कवा येतेय?"

गाडी दारात लागतच होती.

मुलगी गोठ्यात आली, पायाकडे बघितलं, तोंडावर पदर धरला. मग माझ्याकडे वळली. काकी, तुम्ही नऊ दिवस बसून बघत होतात? मी म्हटलं, बघत नव्हते, धरून बसले होते. तिने पुढे काही विचारलं नाही. चूक तिची नव्हती.

डॉक्टरीणबाईने आधी सांगितलं होतं त्याप्रमाणे जास्त मागितलं. पाय गुडघ्याखालून गेला. दोन दिवसांत आणला असतात तर अंगठ्यावर भागलं असतं, हे तिने मुलीला सांगितलं आणि मुलीने मला. मी ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं.

दीड महिन्याने मुलगी त्याला घेऊन आली, राहायला नाही. हत्यारं घेऊन जायला. तिचं म्हणणं बरोबर होतं. एक पाय, साखर, एकटा माणूस. माणगावला तिच्याकडे खाटेवर बसेल, टीव्ही बघेल. हत्यारं तिथल्या कोणा सुताराला दिली तर वापरात तरी राहतील. मिस्त्री वॉकर धरून गोठ्यात शिरला. बारीक झाला होता. ती रंधे, पटाश्या गोणीत भरायला लागली, तो ओट्याकडे बघत होता. ओटा पालथा पडला होता, तीन पाय वर. चौथा बाजूला होता तसाच.

"येक राहिलाय," तो म्हणाला.

"बाबा, आता पुरे," मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता, दमलेला होता.

मिस्त्री वॉकरवरून खाली वाकायला गेला, मध्येच थांबला. खाली बसला असता तर उठता आलं नसतं, आणि बसून तरी काय धरणार होता. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. त्या माणसाला मागता येत नव्हतं, कधीच आलं नाही.

मी विहिरीवर जाऊन पाय धुतले. जमिनीवर बसले, ऐनाचा तुकडा पायांत धरला आणि मुलीला म्हटलं, करवत काढ गोणीतून.

ती म्हणाली, काकी, तुम्हाला येते का?

"न्हाय," मिस्त्रीच म्हणाला. "दे तिला."

चाळीस वर्षांत त्याच्या करवतीला कोणाचा हात लागला नव्हता. मी रेघेवर ठेवली. "रेघेच्या भायेर," तो वरून म्हणाला. "रेघ राहिली पायजे." मी ओढली. करवत उडाली, लाकडावर ओरखडा पडला. पुन्हा ठेवली. "दाबू नको. तिला जाऊ दे." घाम डोळ्यांत जात होता. ऐन काही साधं लाकूड नाही, करवत आत शिरते आणि चावल्यासारखी अडकते. वॉकरची रबरं जमिनीवर कुरकुरत होती, म्हणजे तो प्रत्येक ओढीला अंगाने हलत होता. एका बाजूला मी रेघ खाल्ली. मला कळलं, त्यालाही कळलं. मुलगी गोणी सोडून जवळ येऊन बसली होती आणि न सांगता तिने लाकडाचं दुसरं टोक हातांनी धरलं होतं.

कूस भोकात घातली तर सैल. हलत होती. मी वर बघितलं. माझ्या जागी दुसऱ्या कोणाचं काम असतं तर त्याने ते अंगणात फेकलं असतं.

"पाचर कर," तो म्हणाला. "पातळ. वरून ठोक."

ठोकली. आम्ही दोघी बायकांनी मिळून ओटा सुलटा केला, फणस जड, माझी कंबर गेली. ओटा चार पायांवर उभा राहिला आणि एका कोपऱ्याला डुलायला लागला. मी कापलेलाच पाय आखूड. मिस्त्रीने वॉकरच्या टोकाने जमिनीवरची एक ढलपी माझ्याकडे सरकवली. मी ती पायाखाली घातली. डुलणं थांबलं.

तो ओट्यापाशी आला. वॉकर बाजूला केला तेव्हा मुलगी पुढे धावली, मी तिचा हात धरला. त्याने एका हाताने ओटा पकडला, दुसऱ्याने एक जुनी फळी घेऊन खुंट्यांमध्ये ठेवली, पाचर ठोकली. फळी हलवून बघितली. हलली नाही. मुलीकडे न बघता हात पुढे केला. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग गोणीतून रंधा काढून तिने त्याच्या हातात दिला.

त्याने कंबर ओट्याला टेकवली आणि रंधा ढकलला. सवयीने सगळं अंग पुढे गेलं आणि जिथे डावा पाय पडायचा तिथे पाय नव्हता. तो कलला. मुलीने श्वास घेतला तो मला ऐकू आला. पण पोट ओट्यावर आलं, ओट्याने त्याला अडवलं आणि रंधा पुढे जात राहिला, फळीच्या टोकापर्यंत. लांब, पातळ साल निघून खाली पडली. त्याने पुन्हा रंधा मागे आणला. या वेळी कमी कलला. तिसऱ्या वेळी कललाच नाही.

मुलीने गोणी उचलली आणि हत्यारं एकेक करून भिंतीच्या फळीवर परत ठेवायला लागली. मी अजून ओट्याच्या समोर, हात पुढे करून उभी होते, फळी सुटली तर धरायला.

मिस्त्रीने रंधा थांबवला आणि वर बघितलं.

"वयनी, बाजूला हो," म्हणाला. "उजेडात उभी हायस."

मी बाजूला झाले.